दारातलं झाड ठेवावं की तोडावं?

घर बांधून होतं, वास्तुशांत होते आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास एखादं रोप घेऊन येतं. ते ठेवायला जागा नसते, म्हणून 'तात्पुरतं' असं म्हणून भिंतीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर लावलं जातं. आणि असं तात्पुरतं लावलेलं रोपच सगळ्यांत जोमानं वाढतं! दहा-बारा वर्षांनी त्याची फांदी गच्चीवर येते, पाचोळ्यानं पन्हाळ तुंबते, अंगणातली फरशी उचलते आणि मग एके दिवशी घरातला कर्ता पुरुष जाहीर करतो, "हे झाड आता काढलं पाहिजे."

त्या घरातल्या बाईला मात्र कुणी विचारत नाही. तिचं मन दोन्हीकडं ओढत असतं. रोज सकाळी पाचोळा झाडते ती तीच, आणि दुपारी त्याच सावलीत शेंगा फोडत बसते तीही तीच.

दर वर्षी मृगाच्या तोंडाशी हा प्रश्न गल्लोगल्ली निघतो. कुठंतरी गाडीवर, घरावर झाड पडल्याची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी चार घरांतून कुऱ्हाडवाल्याला बोलावणं जातं. पडलेलं झाड का पडलं, याची चौकशी कुणी करत नाही. माझ्या मते ती चौकशी आधी व्हायला हवी.

मी काही वनस्पतिशास्त्राची पदवीधर नव्हे, साधी बी. ए. पण माझं माहेर कोकणातलं, श्रीवर्धनच्या बाजूचं. तिथं घर वाडीत आहे की वाडी घरात, हे सांगणं कठीण. सासर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या काळ्याभोर जमिनीवर. माहेरी नारळ अगदी पडवीला टेकून उभे, तरी जोत्याला तडा नाही. इकडे कडुलिंब दहा फुटांवर, तर घरभर काळजी. असं का, याचा छडा लावताना जे वाचलं, विचारलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

मुळं गाजरासारखी नसतात

आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत शिकवायला जाते. मुलांना झाडाचं चित्र काढायला सांगितलं, की वर हिरवा गोळा, मध्ये तपकिरी खांब आणि खाली गाजरासारखं सरळ गेलेलं एक मूळ! मोठ्यांच्या मनातही तेच चित्र असतं. रोपाचं सोटमूळ सुरुवातीला खाली जातं खरं. पण वाढलेल्या झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, कारण हवा, ओल आणि कुजलेला पालापाचोळा तिथंच असतो. आडवी ती कुठवर जातात म्हणाल, तर फांद्यांचा घेर संपतो त्याच्याही पुष्कळ पुढं. तेव्हा अंगणातल्या आंब्याचं मूळ आपल्या न्हाणीघराखाली निघालं तर त्यात नवल काही नाही.

मात्र मूळ भिंतीखाली गेलं म्हणजे त्यानं भिंत उचललीच, असंही नाही. घराचं वजन काही थोडंथोडकं नसतं. समोर जड अडथळा आला की मूळ वळसा घालतं. उचललं जातं ते हलकं बांधकाम. अंगणातली फरशी, पायरी, कंपाउंडची एकेरी विटांची भिंत, तुळशीचा कट्टा. हे बुंध्याजवळच्या, वर्षागणिक जाड होणाऱ्या मुळांचं काम. सांडपाण्याच्या नळाचंही असंच आहे. धडधाकट नळ मूळ सहसा फोडत नाही. जुन्या नळाचा सांधा झिरपत असतो, तिथल्या ओलीवर केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत गेलं की जाळं करतं. मग संडास तुंबतो आणि नाव झाडाचं होतं! सांधा नीट केल्याशिवाय झाड काढून काही उपयोग नाही, पुढच्या झाडाचं मूळ त्याच वाटेनं येणार.

काळ्या मातीचं निराळंच

वरचं सगळं मुरमाड किंवा खडकाळ जमिनीला लागू. काळ्या मातीत गोष्ट बदलते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे खेड्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. आपल्या घराखालची मातीही तीच. तिथं मोठं झाड म्हणजे पाणी ओढणारा पंप. उन्हाळ्यात झाडाच्या बाजूची माती जास्त सुकते, जास्त आकसते, आणि घराची ती बाजू खाली बसते. दुसरी बाजू जागच्या जागी. मग भिंत तडकते. म्हणजे इथं मूळ भिंतीला धक्का देत नाही, तिच्या खालचं पाणी पिऊन टाकतं. ऐकायला हा फरक बारीक वाटतो, पण उपाय ठरवताना तोच महत्त्वाचा.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्या मागच्या अंगणात कडुलिंब आहे, भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर. यजमानांनी घर बांधलं त्याआधीपासून तो तिथं आहे. घराच्या विटा त्याच्याच सावलीत भिजवल्या, असं आक्का सांगतात. यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला. दुपारी आम्हा गल्लीतल्या बायकांची बैठक त्या लिंबाखालीच असते. तर काही वर्षांपूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग पडली, विटांच्या सांध्यासांध्यानं, जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. मुलगा मे महिन्यात आला, त्यानं भेगेत रुपयाचं नाणं उभं घालून पाहिलं. ते आत गेलं!

"आई, झाड काढायचं. उद्याच माणसं बघतो."

आक्का भांडल्या नाहीत. त्या रात्री जेवल्याही नाहीत. सकाळी मला हाक मारून एवढंच म्हणाल्या, "त्याचंही खरंच आहे गं. मी इथं एकटी, भिंत पडली तर तो तिकडं. पण मला दुपारी कोण आहे इथं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर काका आहेत, त्यांना मात्र आम्ही घेऊन आलो. गंमत अशी, की काकांनी झाडाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी आधी मोरीचं पाणी कुठं जातं ते पाहिलं, मग छपराचं पाणी कुठं पडतं ते. मोरीचा नळ भिंतीलगतच फुटलेला होता. म्हणजे एका बाजूला बारमाही ओल आणि दुसऱ्या बाजूला लिंबानं कोरडी केलेली माती. घर बिचारं काय करणार!

काकांनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घालायला लावली. मग भेगेच्या अल्याड एक आणि पल्याड एक अशा दोन उभ्या रेघा मारल्या. त्या दोन रेघांमधलं अंतर दर महिन्याच्या एक तारखेला पट्टीनं मोजून वहीत लिहायचं. हे काम आक्कांनी माझ्याकडं सोपवलं. जूनपासून अंतर कमी होऊ लागलं. ऑगस्टअखेर भेगेत पोस्टकार्डाची कडसुद्धा शिरेना. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडली, पण आदल्या मेइतकीच.

ही युक्ती प्रत्येकीनं लक्षात ठेवण्यासारखी आहे. भेग पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते, तर ती मातीच्या फुगण्या-आकसण्याची. न मिटता वर्षभर वाढतच जाते, तर पाया खचतोय असं समजून वेळ न घालवता जाणकार अभियंत्याला दाखवावं. वहीतले आकडे पाहिले की त्यांचंही काम सोपं होतं. नुसती घाबरून सांगितलेली हकिगत त्यांच्या काही उपयोगाची नसते.

काकांनी मुलाला आणखी एक गोष्ट समजावली, ती मला पूर्वी ठाऊक नव्हती. काळ्या मातीत, झाड घराच्या आधीचं असेल, तर ते एकदम तोडणं हे ठेवण्यापेक्षाही धोक्याचं ठरू शकतं. त्या झाडानं वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती, झाड गेल्यावर पाणी शोषू लागते आणि फुगते, कधीकधी कितीतरी वर्षं फुगतच राहते. मग घर खाली बसण्याऐवजी वर उचललं जातं. फरशी मध्येच फुगते, दारं चौकटीत अडकू लागतात. आणि तेव्हा तोडायलाही झाड उरलेलं नसतं.

शेवटी काय केलं? मोरीचा नळ बदलला. छपराला पन्हाळ लावून पाणी लांब नेलं. घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घातली, म्हणजे भिंतीशेजारची ओल वर्षभर सारखी राहते. लिंबाची दोन वर्षं थोडीथोडी छाटणी केली. पानं कमी झाली की पाण्याची ओढही कमी. भेग आजही आहे, पण तिच्यात नाणं जात नाही. मुलगा आला की चहाच्याही आधी तिथं जाऊन पाहतो. आक्का बोलत काही नाहीत.

ज्या मैत्रिणी काळ्या मातीत नवं घर बांधणार असतील त्यांनी पायाच्या वेळीच ही बोलणी करावी. पाया मुरमापर्यंत न्यावा. ते जमत नसेल तर बुडाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालता येतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हीच पद्धत अशा जमिनींसाठी आपल्याकडं रूढ केली. पायाला घातलेले पैसे दिसत नाहीत, म्हणून तिथंच काटकसर होते आणि दर्शनी भागाला महागडी फरशी लागते. असो.

वारा कुणाला पाडतो?

आता कोकणात येऊ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. तिच्या बागाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड काठीसारखं बारीक नि उंच, पुन्हा लावलं तर फळाला यायला सहा-सात वर्षं. टाळेबंदीमुळं मला माहेरी जाता आलं ते दिवाळीनंतर. ओळखीच्या वाटेवर इतकं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं.

घराला टेकलेले आमचे नारळ मात्र बहुतेक उभे होते. नारळाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या बुडातून बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं झाडूसारखी सुटतात आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहतात, आंब्या-वडासारखी जाड होत जात नाहीत. म्हणून पडवीशेजारचा नारळ जोत्याला काही करत नाही. वरून नारळ आणि झावळ पडते ती गोष्ट वेगळी. दर पावसाळ्याला चार कौलं त्याच्या नावावर टाकावीच लागतात, आणि तान्ह्या मुलाला कुणी नारळाखाली निजवत नाही.

पण मला सांगायचंय ते आंब्यांबद्दल. आमच्या आळीत तीन मोठे आंबे एकाच ओळीत, एकाच वाऱ्यात उभे होते. दोन राहिले. तिसरा मुळासकट शेजारच्या गोठ्यावर पडला. गुरं सोडलेली होती म्हणून वाचली. तो पडला, कारण आदल्या वर्षी दगडी गडगा काढून सिमेंटची भिंत बांधताना त्याच्या बुंध्याला खेटून चर खणला होता आणि चरात आलेली सगळी मुळं कोयत्यानं साफ केली होती. वर झाड हिरवंगार, मोहोरलेलंही. पण एका बाजूचे दोरच कापलेले! शहरात रस्ता रुंद करताना, गटार बांधताना, केबल टाकताना हेच होतं आणि एक-दोन पावसाळ्यांनी झाड 'अचानक' कोसळतं.

म्हणून मे महिन्यात एकदा झाडाभोवती सावकाश फेरी मारावी. झाड पूर्वीपासून वाकडं असेल तर फारसं बिघडत नाही, पण यंदा नव्यानं कललं असेल तर वाईट. बुंध्याच्या एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसते का? बुडाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात का? त्या आतल्या कुजीची खूण असू शकतात. फांदी नि खोड यांच्या बेचक्यात चीर आहे का, शेंड्याच्या फांद्या वाळल्यात का? यांतलं काही दिसलं तर नगरपालिकेच्या उद्यान विभागाला लगेच कळवावं. काहीच नसेल तर शेजारणीनं कितीही घाबरवलं तरी शांत झोपावं.

आणखी एक वाईट खोड म्हणजे अंगण 'स्वच्छ' दिसावं म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवणं. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती कुजतात. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या अंगणासाठी कुणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची? पहार आपल्याच घरात असते.

छाटणीचंही तेच. दर वर्षी झाडाचा शेंडा उडवून त्याचा बोडका खुंट करतात. मग खुंटातून फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण त्यांचा सांधा कच्चा असतो, वाऱ्यानं तेच आधी तुटतात. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर तोल जातो. फांदी खोडाला मिळते तिथं सालीची जरा फुगीर कड असते. त्या कडेच्या लगेच बाहेरून कापावं. कड कापू नये, लांब खुंटही ठेवू नये. जड फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापली, की साल सोलवटत नाही.

कुठलं झाड, कुठल्या बाजूला?

आपल्याकडं मे महिन्यात ऊन जवळजवळ डोक्यावरून जातं, त्यामुळं दक्षिणेची भिंत तापत नाही. तापते ती पश्चिमेची, दुपारी तीननंतर. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि ते ऊन हवंसं असतं. तेव्हा मोठं झाड लावायचंच तर पश्चिमेला लावावं. दक्षिण शक्यतो मोकळी ठेवावी. वाळवणं, गाद्या, बाळंतिणीचं शेकणं सगळं त्याच उन्हावर चालतं.

अंतर किती ठेवावं? सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडाझाडांतलं अंतर दिलंय. वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कमीत कमी. मुळं एकमेकांत गुंतली की फळ नीट येत नाही, हे कारणही दिलंय. झाडाझाडांत अठरा ते तीस फूट, मग घरापासून किती असावं याचा अंदाज आपणच करावा. चिकण काळ्या मातीत झाडाच्या पूर्ण उंचीइतकं अंतर सांगतात, पण दोन गुंठ्यांच्या जागेत ते कुठून आणायचं? मी तरी आंबा, लिंब, जांभूळ यांना वीस-पंचवीस फूट मिळत नसतील तर ते लावायच्या भानगडीत पडू नये म्हणते. वड, पिंपळ, उंबर तर घराच्या अंगणात नकोतच, देवळाच्या मोकळ्या पाराला ते शोभतात.

गुलमोहर दिसायला देखणा, पण मुळं उथळ नि लाकूड ठिसूळ. मादागास्करहून आलेला हा पाहुणा रस्त्यापलीकडून पाहावा. शेवगा दारात नको म्हणतात त्यात तथ्य आहे. फांदी चटकन मोडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके बसतात. अंगावर पडले की दिवसभर खाज! पण शेंगा हव्यातच, म्हणून तो परसाच्या टोकाला असावा. सप्तपर्णीला दिवाळीच्या सुमारास फुलं येतात, त्यांचा रात्रीचा उग्र वास बंद खोलीत काहींचं डोकं धरतो. निजायच्या खोलीच्या खिडकीशी ती नको.

भिंतीपासून पाच-सहा फुटांवर काय चालेल? पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, अनंत, तगर, जास्वंद. सीताफळही, त्याला थोडी अधिक जागा द्यावी. कण्हेर सुंदर, पण तिचं पान-फूल-फळ सगळंच विषारी, लहान मुलं असतील तर दूरच बरी.

आणि तोडायचंच ठरलं, तर आधी परवानगी. झाड आपल्या जागेत आहे म्हणजे आपण मुखत्यार, असं नाही. शहरांत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे; त्यात झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही तोडण्यातच धरतात. म्हणजे बुंध्यात गुपचूप हिंग-चुना भरण्याचे 'घरगुती उपाय' गुन्ह्यातच मोडतात. २०२१ च्या सुधारणेनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालंय. खेड्यातही आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली परवानगी लागते. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडं करावा, सोबत झाडाचा आणि नुकसानीचा फोटो, आणि भेगांची वही ठेवली असेल तर तिच्या पानांची नक्कल जोडावी.

एक झाड मात्र परवानगीच्या वेळेची वाट न पाहता काढायचं असतं, तेही बोटभर असतानाच. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं नाहीतर उंबराचं बी गच्चीच्या कठड्यात, पन्हाळीच्या तोंडाशी, न्हाणीच्या नळामागं रुजतं. त्याला माती लागत नाही, चुन्या-सिमेंटची फट पुरते. मूळ फटीत जाड होत जातं तशी फट रुंदावते. वरचं नुसतं तोडलं तर ते दुप्पट जोमानं फुटतं. मुळासकट निघायला हवं आणि फट लगेच सिमेंटनं बुजवायला हवी. पाऊस चांगला मुरला की भिंत ओली असते, रोप अलगद निघतं. श्रावणातल्या एखाद्या उघडिपीच्या दुपारी खुरपं घेऊन गच्चीवर जावं आणि कठड्याच्या बाहेरची बाजूही वाकून पाहावी, तिथं ते हटकून सापडतं.